गळती

शेवटी मी जाळी निम्मी केली.
पहाटेचे तीन चाळीस. ग्राइफ्सवाल्डवर बाल्टिकचं धुकं उतरलेलं,
तिसऱ्या मजल्यावर मी आणि कॉफीचं मशीन,
आणि दूर म्युनिकजवळच्या कुठल्याशा तळघरात
नऊ दिवसांच्या रांगेनंतर
आमच्या वाट्याला आलेले सहा हजार प्रोसेसर.

आम्ही काय करतो ते आधी सांगते.
कोट्यवधी अंशांवर तापलेला, कुठल्याच भांड्यात न मावणारा वायू
चुंबकाच्या रेषांवर ओवतो.
एकेक इलेक्ट्रॉन आपल्या रेषेभोवती गरागरा,
सेकंदाला सत्तर अब्ज गिरक्या.
एवढं मोजत बसलो तर जन्म पुरायचे नाहीत,
म्हणून गिरकी पुसून टाकतो.
भोवरा सोडून देतो, त्याची आर तेवढी धरतो.
पुसलेल्या गिरक्या कुठे जातात,
असं माझ्या मुलीनं एकदा विचारलं होतं.
मी म्हटलं, सरासरीत.
तिला तो शब्द आवडला नाही.

रेषेच्या बाजूनं उष्णता सुसाट धावते,
रेषेला आडवं जायचं तर पाऊल उचलत नाही.
एका दिशेला हमरस्ता, दुसरीला सोवळं.
तरी हेनिंग राडलोफच्या गणितात ती आडवी जात होती.
थोडी. सतत. मडकं पाझरावं तशी.
त्यानं त्या पाझराला एक आकडा दिला,
आकड्याला कारण दिलं,
कारणाला एकोणीस वर्षं.
मांडणी देखणी होती, मीही तिच्यातूनच शिकले.
तीन शोधनिबंध. एक वाद, ज्यात समोरच्यानं माघार घेतली.
शुक्रवारी तो निवृत्त होणार.
केक मीच सांगितलाय.
वर साखरेची चुंबकरेषा काढा म्हटलं, तर
बेकरीतल्या फ्राउ टेस्मर म्हणाल्या, म्हणजे साप ना?

जाळी निम्मी केली, पाझर पाव झाला.
पुन्हा निम्मी. पुन्हा पाव.
मी खिडकीपाशी गेले, परत आले, आकडे तेच.

पाझर त्या आगीचा नव्हताच.
आमच्या चौकोनांचा होता.
रेषा तिरकी चाललेली,
आम्ही तिला उभ्याआडव्या घरांत कोंबत होतो,
आणि घराघराच्या कोपऱ्यावर
थोडी ऊब शेजारी सांडत होती,
आमच्या हातून,
निसर्गाच्या नावावर.

ओळ चार हजार बाराच्या डोक्यावर
हेनिंगचीच जुनी टीप आहे:
बारीक जाळीवर तपासणे. मशीन लहान आहे. नंतर.
मी ती शंभरदा वाचली असेल.
दारावरची पाटी वाचावी तशी.

दुपारी वीकच्या लाकडी पुलापाशी गाठलं त्याला.
पूल उचललेला, खालून एक शिडाची होडी चाललेली.
तो पावात धुरावलेला मासा खात होता.
कागद पुढे केला तशी त्यानं बोटं पँटला पुसली,
आलेख उभा धरला, मग आडवा,
मग बराच वेळ नुसताच धरला.
पूल खाली आला. लोक सायकली ढकलत पार झाले.
'कितव्या घातानं कमी होतं?'
'दुसऱ्या. निम्मं केलं की पाव.'
'म्हणजे पद्धत प्रामाणिक होती,' तो म्हणाला,
'खोटं बोलत होती, पण नेमानं.'
हसला नाही.
दातातला काटा काढून
कागदाच्या कोपऱ्यात गुंडाळला,
आणि तो कागद माझ्याकडे परत न देता
खिशात घातला.

शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगणार आहेस का, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, तूच सांग.

शुक्रवारी त्यानं केक तिरका कापला,
साखरेच्या सापाच्या कडेकडेनं,
सुरी पुसली,
आणि बोलायला उभा राहिला.